आमची वाटचाल : पडवीतली पानं ते चार खोल्या

दिवेआगरची आमची नारळ-पोफळीची वाडी आजोबांपासूनची. १९९७ साली गावातल्या एका वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली, आत सोन्याचा गणपतीचा मुखवटा. मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. लोकांनी जेवायचं कुठे? आईने पडवीत पानं मांडली. धंदा सुरू झाला तो असा. पाटी बरीच वर्षं नव्हतीच. रविवारी चाळीस-पन्नास पानं उठायची, मोदक पुरे पडत नसत. पुढे दोन खोल्या बांधल्या, मग आणखी दोन.

बाबा म्हणायचे, "पाहुणा आज येईल, उद्या नाही येणार. पोफळ कुठे जात नाही." २०१२च्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा जीव घेऊन मुखवटा पळवला. गर्दी ओसरली आणि घर सुपारीवर चाललं.

२०२०ला मात्र बाबाही चुकले. मार्चपासून टाळेबंदी, खोल्यांना कुलूप. ३ जूनला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्याला लागलं. दुपारभर दाराला पाठ लावून बसलो होतो. संध्याकाळी बाहेर आलो तर ओटीवरून समुद्र दिसत होता. जन्मात कधी दिसला नव्हता. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. बाबा महिनाभर वाडीत फिरकले नाहीत.

तारलं ते आईच्या वहीने. जेवून गेलेल्यांचे नंबर ती लिहून ठेवी, पुढे 'तिखट चालत नाही', 'मोदक चार जास्त' अशा खुणा. बायकोने एकेकाला फोन लावला. आमसुलं, मेतकूट, कुळथाचं पीठ, फणसपोळी. आज हे सामान बारा महिने जातं आणि खोल्यांचं उत्पन्न निम्म्याच्या आत आहे. ते तिथेच ठेवायचा आमचा हट्ट आहे. खोल्यांच्या भरवशावर कर्ज काढत नाही. वाडी तोडून तरणतलाव बांधणारे आमच्याहून जास्त कमावतात, खोटं कशाला बोलू? पण हप्ता आषाढातही भरावा लागतो, आणि आषाढात इथे कोण येतं?

२०२१ला नवा मुखवटा बसला, गाड्या परतल्या. वादळानंतर लावलेल्या पोफळींना यंदा पहिली सुपारी धरली आहे. मुलाला पाचवी खोली हवी आहे, आणि तो दाखवतो ती जागा नेमकी त्यातल्याच अकरा पोफळींची. आई म्हणाली, "आधी सुपारी उतरव, मग बोलू."