कोणत्या दिवसाचं जहाज?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. घरी येणारे पाहुणे, प्रदर्शनात टेबलापाशी थांबणारी मुलं आणि त्यांचे आईबाबा, सगळे थोड्याफार फरकाने हेच विचारतात: "प्लास्टिकच्या मॉडेल जहाजाच्या किटच्या डब्यात सगळे भाग तयारच येतात ना? कुठला भाग कुठे लावायचा त्याचा कागदही असतो. मग सव्वा वीतभर जहाजाला एवढा वेळ का लागतो?"

प्रश्न रास्त आहे. डब्यातले भाग कागदाबरहुकूम चिकटवायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो आपण कोणत्या दिवसाचं जहाज करतो आहोत हे ठरवायला, आणि दिवस ठरला की त्याला धरून राहायला. युद्धनौका तीस-चाळीस वर्षं पाण्यात असते. तेवढ्यात तिच्या तोफा बदलतात, डोलकाठ्या बदलतात, रंग तर अनेकदा बदलतो. काही जहाजांचं नाव बदलतं, देश बदलतो. डब्यावर फक्त नाव छापलेलं असतं.

सध्या माझ्या टेबलावर आयएनएस दिल्ली आहे. आता मुंबईच्या गोदीत दिसते ती क्षेपणास्त्रवाली नव्हे, तिच्या आधीची; स्वतंत्र भारताच्या नौदलाची पहिली क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची, तोफांची युद्धनौका. हे जहाज इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधलं गेलं. १ सप्टेंबर १९३२ ला ते पाण्यात उतरलं, तेव्हा त्याचं नाव होतं अकिलीस. पुढे न्यूझीलंडचे खलाशी त्यावर आले. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, रिव्हर प्लेटच्या मुखापाशी, अकिलीस, एजॅक्स आणि एक्झिटर या तिघांनी ॲडमिरल ग्राफ श्पे या जर्मन युद्धनौकेला गाठलं. ग्राफ श्पेवर ११ इंची सहा तोफा होत्या. अकिलीस आणि एजॅक्सवर ६ इंची आठ-आठ. अकिलीसवर गोळ्यांचे तुकडे येऊन आदळले, चार माणसं गेली, कॅप्टनच्या पायांना जखमा झाल्या, पण जहाज मागे हटलं नाही. चार दिवसांनी जर्मनांनी स्वतःच आपलं जहाज माँटेव्हिडिओबाहेर स्फोटाने उडवून दिलं. जुलै १९४८ मध्ये अकिलीस आपल्याकडे आलं आणि त्याचं नाव दिल्ली झालं.

दिल्लीचं स्वतंत्र प्लास्टिक किट मला कधी मिळालं नाही. म्हणून सुरुवात तिच्या बहिणीपासून केली. एअरफिक्स या किट बनवणाऱ्या कंपनीचं एजॅक्स, १:६०० प्रमाणातलं, साठच्या दशकातला साचा. एजॅक्स आणि अकिलीस दोन्ही लिअँडर वर्गातली. सांगाडा तोच, एकच रुंद धुराडं तेच. मूळ जहाज १६९ मीटरचं, म्हणजे मॉडेल साधारण २८ सेंटिमीटरचं. इथपर्यंत सगळं सोपं आहे.

डब्यात टरेट, म्हणजे दोन-दोन मोठ्या तोफांचे फिरते बुरुज, निघतात चार. दिल्लीवर होते तीन.

चौथ्याचं काय झालं ते इतिहासात नीट नोंदलेलं आहे. पुढचे दोन टरेट ए आणि बी, मागचे दोन एक्स आणि वाय. ५ जानेवारी १९४३ ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब नेमका एक्सवर पडला आणि तेरा खलाशी गेले. जहाज दुरुस्तीला इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला गेलं. तिथे एक्स काढून टाकला आणि त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणजे हे जहाज मुंबईत आलं ते सहाच मोठ्या तोफा घेऊन. विमान उडवायची कॅटपल्ट गेली होती आणि साध्या सरळ डोलकाठ्यांच्या जागी तीन पायांच्या डोलकाठ्या आल्या होत्या. चार टरेटची 'दिल्ली' कुणी केली तर ती देखणी दिसेल, पण असं जहाज या पृथ्वीवर कधी तरंगलं नाही. त्या रिकाम्या जागेवर तेरा माणसं मेली आहेत. ती जागा भरून टाकायला माझा हात धजत नाही.

तेव्हा करवतीच्या बारीक पात्याने एक्सच्या खालचा गोल चौथरा कापायचा, पॉलिशपेपरने सपाट करायचा, वरून प्लास्टिकचा पातळ पत्रा बसवायचा आणि त्यावर नव्या तोफांचा कठडा उभा करायचा. ही कामं कुठल्याच कागदावर छापलेली नसतात. ती फोटो पाहून करायची असतात, आणि फोटोंची स्वतःची एक वेगळी पंचाईत आहे.

जुन्या फोटोखालच्या ओळींवर मी विश्वास ठेवत नाही. आधी टरेट मोजतो. खाली '१९३९' लिहिलंय आणि मागे एकच टरेट दिसतोय, तर ते १९३९ नव्हेच. या जहाजाच्या बाबतीत घोळ व्हायला आणखी एक कारण आहे. १९५६ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट आला, आणि त्यात अकिलीसची भूमिका खुद्द दिल्लीने केली. आपल्या नौदलाचं जहाज पडद्यावर स्वतःचीच सतरा वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढलं! मला ही गोष्ट फार आवडते. पण त्या चित्रीकरणातले फोटो लढाईचे म्हणून फिरतात, आणि त्यावरून कुणी मॉडेल केलं तर १९३९ च्या जहाजावर १९५६ च्या डोलकाठ्या उभ्या राहतात.

आता मापांचं सांगतो, कारण खरा वेळ तिथेही जातो. १:६०० या प्रमाणात मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावरचे ६० सेंटिमीटर. डेकवर उभा असलेला माणूस पावणेतीन मिलिमीटरचा होतो. साच्यात ओतलेलं प्लास्टिक फार पातळ करता येत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीची भिंत म्हणजे खऱ्या जहाजावर फूटभर जाडीची, आणि तिथे असतो पातळ पोलादी पत्रा. म्हणून ब्रिजच्या (जिथून कॅप्टन जहाज चालवतो त्या भागाच्या) आणि तोफांच्या कठड्याच्या भिंती आतल्या बाजूने खरवडून पातळ कराव्या लागतात. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही, फक्त वरची कड बारीक दिसते. तेवढ्या कडेने सगळं जहाज हलकं होतं. डेकभोवतीचं रेलिंग तर प्लास्टिकमध्ये होऊच शकत नाही. ते पितळेच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेलं वेगळं मिळतं, फोटो-एच म्हणतात त्याला. चिमट्यात धरून डेकच्या वळणाप्रमाणे आधी वाकवायचं आणि मगच सुपरग्लूचा ठिपका सुईच्या टोकाने लावायचा. चिकटवून मग वाकवायला गेलात तर डाग पडतो.

तोफांच्या नळ्यांसाठी मला मेडिकलच्या दुकानाने हात दिला. ६ इंची तोफेची नळी तोंडाच्या व्यासाच्या पन्नास पट लांब, म्हणजे ३०० इंच, साडेसात मीटरच्या थोडी वर. १:६०० ने ती येते पावणेतेरा मिलिमीटर. किटमधली नळी भरीव आणि जाड असते, तिला तोंड नसतं. इंजेक्शनची २६ नंबरची सुई मात्र बाहेरून अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी, आतून पोकळ, आणि सरळ म्हणजे अगदी सरळ. फिरत्या चकतीने कापायची, टोक घासून घ्यायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच, तुकडा उडतो. सहा सुया, सहा नळ्या. भिंगातून पाहिलं की तोफेचं तोंड खरोखर पोकळ दिसतं. हे शोकेसच्या काचेतून कुणाला दिसेल का, असंही विचारतात. मुलांना दिसतं. मुलं काचेला नाक लावून बघतात.

बिनतारी यंत्रणेच्या तारांसाठी किटच्याच उरलेल्या प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून ओढायची. ती केसासारखी बारीक होते. हवा तेवढा भाग कापून घ्यायचा.

रंगाबद्दल एकच सांगतो. डबीतला राखाडी रंग जसाच्या तसा लावला तर जहाज गडद आणि जड दिसतं, कारण खरं जहाज आपण नेहमी दुरून पाहतो आणि मधली हवा रंग फिका करते. म्हणून थोडा पांढरा मिसळतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर मी वॉर्निश फवारत नाही. हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरकी साय धरते. पावसाळ्यात फोटो बघायचे, मापं काढायची, नळ्या कापायच्या.

मग येतो तो दिवस. दिल्लीचे बरेच दिवस माझ्यासमोर होते. १९४८ मध्ये ती पहिल्यांदा मुंबई बंदरात शिरली तो. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या मोहिमेत तिने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या तो; कोकण आणि गोव्याकडची बरीच मंडळी मला तोच सुचवतात, आणि तो मोह मोठा आहे. तरी मी घेतलं १९५० साल. कारण एक माणूस.

रिव्हर प्लेटच्या लढाईत अकिलीसच्या ब्रिजवर जखमी पायांनी उभे असलेले कॅप्टन म्हणजे विल्यम एडवर्ड पॅरी. तेच पॅरी १९४८ ते १९५१ या काळात भारतीय नौदलाचे प्रमुख होते, आणि त्यांची ध्वजनौका होती दिल्ली. ज्या जहाजाने त्यांना लढाईतून जिवंत परत आणलं, त्याच जहाजावर ते दुसऱ्या देशाचे ॲडमिरल म्हणून परत चढले. २६ जानेवारी १९५० ला आपण प्रजासत्ताक झालो, आणि ब्रिटिश राजवटीतल्या झेंड्याच्या जागी भारतीय नौदलाचा ध्वज आला: पांढऱ्यावर लाल क्रॉस तसाच, कोपऱ्यात मात्र युनियन जॅकऐवजी तिरंगा. जुनं जहाज, जुना कॅप्टन, नवा झेंडा. "हे जहाज इंग्रजांचं की आपलं?" असं विचारणाऱ्यांना मी याच वर्षाकडे बोट दाखवतो. ते तिथे दोघांचं आहे, आणि त्यात आपल्याला लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. आपल्या नौदलाने या जहाजावर काम शिकलं. ती भारतीय सेवेत आली तेव्हा तिच्यावर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते रामदास कटारी. पुढे १९५८ मध्ये तेच नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

झेंडा मॉडेलवर जेमतेम पाच मिलिमीटरचा येतो. पातळ फॉइलवर रंगवून, हलक्या लाटा पाडून तो मागच्या काठीला लावायचा. काही जण प्रेमाने सांगतात की नवा ध्वज लावा, २०२२ चा, शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेल्या अष्टकोनाचा. तो ध्वज मला मनापासून आवडतो. आजच्या विक्रांतचं मॉडेल केलं तर अभिमानाने तोच लावेन. पण ही दिल्ली ३० जून १९७८ ला मुंबईत निवृत्त झाली आणि मोडीत निघाली. तिने तो ध्वज कधी पाहिला नाही.

तर एवढा वेळ या सगळ्यात जातो. दिल्ली अजून पूर्ण नाही. हल (जहाजाचा खालचा मुख्य सांगाडा) आणि पुढचा ब्रिज झाला आहे, तीन पायांच्या डोलकाठ्या उभ्या आहेत, ए आणि बी बसले आहेत. वाय राहिला आहे, आणि इथे मला तुमच्यापैकी कुणाची तरी मदत हवी आहे. जहाज मोडीत काढताना हा वाय टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला. तो आज ऑकलंडमध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी ठेवलेला आहे. त्याचे समोरून काढलेले फोटो मिळतात, पण मागची बाजू मला स्पष्ट कुठे सापडत नाही: दार, शिडीच्या कड्या, झडपा नेमक्या कुठे आहेत ते. ऑकलंडला राहणारं तुमचं कुणी असेल, तर एखाद्या रविवारी तिकडे फेरी मारून मागून दोन-तीन फोटो काढायला सांगा. शेजारी कुणी उभं राहिलं तर फारच उत्तम, उंचीचा अंदाज येईल. तोवर मी वायची जागा मोकळी ठेवली आहे.