आई-बाबांच्या सोबतीला कुत्रा आणताय?

मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला आणि गोव्यात फोंड्याच्या घरात पंचाहत्तरीचे आई-बाबा. गणेश चवथीला आलेली मुलं परतताना सोबतीला लॅब्राडॉरचं पिल्लू ठेवून जातात. हेतू चांगला, निवड चुकीची. पिल्लाला दिवसातून सहा-सात वेळा बाहेर न्यावं लागतं, ते पायांत घोटाळतं आणि वर्षभरात तीसेक किलोंचं होऊन दोरी ओढू लागतं. अमेरिकेत 2001 ते 2006 या काळात कुत्र्या-मांजरांमुळे पडून दरवर्षी सुमारे 86 हजार माणसं इस्पितळात गेली. त्यांत बहुतेक वेळा कारण कुत्राच होता.

त्यापेक्षा चार-पाच वर्षांचा, बारा-पंधरा किलोंचा, निर्बीजीकरण झालेला गावठी कुत्रा आणा. त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. गुडघे अगदीच साथ देत नसतील तर मांजर बरी. पिंजऱ्यातला पोपट मात्र नको. आपल्याकडचे पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, ते कितीही दिसले तरी.

फायद्याचा पुरावा म्हणून 1980 चा एक अमेरिकी अभ्यास नेहमी सांगतात. हृदयविकाराच्या रुग्णांपैकी प्राणी पाळणारे 53 होते, त्यांतले 3 वर्षभरात दगावले. न पाळणाऱ्या 39 पैकी 11. अभ्यास लहान आहे, आणि मुळात धडधाकट माणसंच प्राणी पाळत असतील हा आक्षेपही रास्त आहे. आमच्या मते खरा उपयोग वेळापत्रकाचा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की कुत्रा दाराशी उभा, मग बाबांना उठावंच लागतं. रक्तदाबाची गोळी कुत्र्याच्या खाण्याच्या डब्याशेजारी ठेवा. सकाळची गोळी सहसा चुकत नाही. फिरताना शेजाऱ्यांशी दोन शब्द होतात ते वेगळंच.

फिरणं सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, वीस-वीस मिनिटं. दीड मीटरची साधी दोरी घ्या, लांबत जाणारी नको. ती गळ्याऐवजी छातीच्या पट्ट्याला लावा आणि मनगटाला कधीही गुंडाळू नका, कारण कुत्रा मांजरामागे धावला की हात मोडतो. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा अंगणातल्या फेऱ्या पुरेत. दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री तर बाहेर काढूच नका. आवाजाला घाबरलेला कुत्रा माणसाला फरफटत नेतो.

घरात खाण्याची भांडी वाटेतून हलवून वीतभर उंच पाटावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे तो पायाशी आल्याचं कळतं. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा हवा, कारण काळा कुत्रा काळोखात दिसत नाही.

पावसाळ्यात इथे गोचीड (आणि त्यातून होणारा ताप) आणि लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, या दोन्हींची भीती. कानांत, बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; रॉकेल लावू नका. कुत्रा सुस्त पडून खाणं सोडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासावं लागतं. लेप्टोची लस दरवर्षी जूनच्या आधी. गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित राज्य जाहीर झालं, म्हणून रेबीजची लस चुकवायची असं नाही. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच आरोग्य केंद्र गाठा. मधुमेह असलेल्यांनी पायाची जखम चाटू देऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मांजरीची नखं वेळच्या वेळी कापा. आणि माणसाची पॅरासिटामॉल मांजरीला चुकूनही देऊ नका. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते.

आजी अचानक इस्पितळात गेल्या तर कुत्र्याचं काय, हे आधीच ठरवा. फ्रिजवर कागद लावा: किती वाट्या खाणं, केव्हा, कोणती औषधं, डॉक्टरांचा फोन, घराची किल्ली कुणाकडे. त्या शेजाऱ्याने महिन्यातून एकदा कुत्र्याला फिरवून आणावं, म्हणजे वेळ आली की तो परका वाटणार नाही.