तापीकाठचं पान : सांगाडा उभा राहिला, आता अक्षरांवर काम

मंडळी, तापी नदी, तिच्या उपनद्या आणि काठची गावं दाखवणारं माझं वेबपान उघडायला लागलं. मागच्या नोंदीत नुसती कल्पना होती. आता चांगदेवच्या संगमापासून बोट वर सरकवत गेलं की हतनूर, भुसावळ, थाळनेर करत प्रकाशेपर्यंत पोचता येतं. सजावट अजून अर्धवट आहे. पण रचनेचं कोडं सुटलं, आणि ते कसं सुटलं हे सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण आपल्यापैकी बरेच जण गावावर, नदीवर किंवा घराण्यावर असंच काही करू पाहतायत.

नव्याने आलेल्यांसाठी: शिरपूरकडच्या एका कॉलेजात मी वेब डिझाइनचा पायाभूत कोर्स करतेय. आधी एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा), मग सीएसएस (त्याचं रूप ठरवणारी भाषा), मग रंग आणि अक्षरं, शेवटी मोबाइलसाठीची मांडणी, आणि सगळं वापरून स्वतःचं एक संकेतस्थळ. वर्गातल्या मुलांनी हॉटेल, जिम, मोबाइलचं दुकान असे विषय घेतले. मी नदी घेतली. मॅडमनी एवढंच विचारलं, "यात वाचणारा कुठून सुरुवात करेल?" सगळं पान त्या एका प्रश्नावर उभं आहे.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. आपल्या खानदेशात ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते. पडद्यावर आपण वरून खाली वाचतो. तेव्हा पूर्व वर आणि पश्चिम खाली धरली की नदी पानाबरोबर वाहते. नकाशा असा फिरवला की उत्तर डाव्या हाताला येते आणि दक्षिण उजव्या. मग डावीकडे सातपुड्यातून येणाऱ्या सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई. उजवीकडे पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. मध्ये तापीची निळी-करडी रेघ. कागदावर हे फार सुरेख दिसलं.

कोडं मोबाइलवर होतं. सरळ विचार केला तर डाव्या रकान्यात उत्तरेकडच्या नद्या लिहायच्या, उजव्यात दक्षिणेकडच्या. पण अरुंद पडद्यावर दोन रकाने एकाखाली एक येतात. म्हणजे वाचणारा सातपुड्याच्या बाजूने थेट प्रकाशेला पोचतो आणि तिथून उडी मारून पुन्हा चांगदेवला. नदी उलटी फिरते. अंध वाचक स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ऐकत असेल तर त्याच्याही वाट्याला हाच घोटाळा, कारण स्क्रीन रीडर साधारणपणे एचटीएमएलच्या क्रमाने वाचतो, पडद्यावर काय कुठे दिसतंय त्या क्रमाने नाही.

उपाय साधा निघाला. सगळ्या नद्या आणि गावं एकाच क्रमवार यादीत लिहिली, ज्या क्रमाने पाणी त्यांना भेटतं त्याच क्रमाने. प्रत्येक नोंदीला फक्त 'उत्तर' किंवा 'दक्षिण' असा क्लास (ओळखीची खूण) दिला. कोणती नोंद कोणत्या रकान्यात बसवायची हे सीएसएस ग्रिड, म्हणजे मजकूर आडव्या-उभ्या रकान्यांत बसवायची सीएसएसमधली सोय, ठरवते. फोनवर ग्रिड काढून टाकलं की यादी आपोआप एकाखाली एक येते, नदीचा क्रम शाबूत राहतो, आणि बाजू कळावी म्हणून नावाखाली 'उत्तर तीर' किंवा 'दक्षिण तीर' असे शब्द दिसतात. २०१७ साली मोठ्या ब्राउझरांत ग्रिड आलं. त्याआधी लोक अशा मांडणीसाठी काय काय खटपटी करत ते मॅडमनी दाखवलं, तेव्हा आपण बऱ्या काळात शिकतोय याचा आनंद झाला.

या कोर्सचा सगळ्यात मोलाचा धडा माझ्या मते हाच: आधी मजकुराचा क्रम, मग त्याचं दिसणं. हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली आवृत्ती पक्की झाली. मजकुराचा अर्थ एका फाइलीत आणि रूप दुसऱ्या फाइलीत ठेवायचं, हा त्यामागचा विचार. परीक्षेसाठी हे पाठ करता येतं. नदी दोन रकान्यांत मांडायला बसलं की पटतं.

आता अक्षरं. इथे मात्र कोर्सच्या नोट्स कमी पडतात, कारण त्या रोमन लिपी समोर ठेवून लिहिल्या आहेत. शीर्षकातल्या अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडा, असं त्यात आहे. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि 'थाळनेर'ची चार सुटी अक्षरं होतात. आपल्या मथळ्यांना लेटर स्पेसिंग शून्यच ठेवा. मोठेपणा दाखवायचा तर आकार आणि ठळकपणा वाढवा.

ओळींमधलं अंतर नोट्समध्ये अक्षराच्या आकाराच्या १.५ पट आहे. मी १.७५ केलं. आपल्याकडे वेलांटी, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार, जोडाक्षरं खाली उतरतात. 'कुऱ्हा' हे गावाचं नाव एका ओळीत आणि त्याच्याच खाली 'पूर्णेकाठी' आलं की दोन ओळी एकमेकींना टेकतात. अक्षराचा आकारही मी १८ पिक्सेल घेतला, कारण त्याच मापात देवनागरी रोमनपेक्षा बारीक वाटते.

'कुऱ्हा'वरून आठवलं. अहिराणीत हा ऱ्ह पावलोपावली येतो. थाळनेरच्या नोंदीत एका आजोबांचं वाक्य घेतलंय: "आम्ही आठेच ऱ्हातस, नदी ना काठले." हा अर्धा र नीट उमटायला हवा असेल तर युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत) नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) द्या. साधा र घेतला तर तो पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो आणि आजोबांची बोली बिघडते.

आणि कृपा करून पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचं सांगा. कित्येक जण इंग्रजीचा कोड तसाच ठेवतात. भाषा सांगितली की स्क्रीन रीडरला मराठी आवाज निवडता येतो. शिवाय नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात, ते तेव्हाच दिसतात. मी हे लावल्यावर 'लळिंग' आणि 'शिरपूर' शाळेच्या पुस्तकातल्यासारखे दिसायला लागले. एवढ्याशा बदलाने पान आपलं वाटतं. यादीतल्या आकड्यांसाठीही सोय आहे: यादीच्या शैलीत 'देवनागरी' हा पर्याय दिला की १, २, ३ आपोआप येतात, हाताने लिहावे लागत नाहीत.

चांगदेवच्या मंदिरावरचा एक जुना लेख एका जाणत्या गृहस्थांनी प्रेमाने दिला. फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असा दिसतो, कारण त्या काळी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतं ते इंग्रजीच. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढून मी ओळ न् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून पाहतेय. काम रेंगाळतंय, पण पहिल्या वेलांट्या आणि रफार सरकलेले सापडतात, त्यामुळे घाई करणार नाही. असा मजकूर खानदेशात घरोघरी स्मरणिकांमध्ये पडून आहे. तो युनिकोडमध्ये आला तरच शोधून सापडेल.

रंगांचं थोडक्यात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ असावा हा सुगम्यतेचा नियम आहे. पांढऱ्यावर हळदी पिवळा त्यात बसत नाही. म्हणून पिवळा फक्त पट्टीला ठेवला आणि मजकूर काळ्या रानाच्या रंगाचा घेतला. उन्हात शेतात उभं राहून फोनवर वाचणाऱ्याला हाच फरक जाणवतो.

फोटो सगळे हजार-बाराशे पिक्सेल रुंदीला आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात साठवले. नदीकाठच्या गावांत नेटवर्क जेमतेम असतं आणि हे पान तिथेच आधी उघडलं जावं असं मला वाटतं. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची एचटीएमएलमध्ये लिहिली, म्हणजे चित्र उशिरा आलं तरी वाचत असलेली ओळ खाली ढकलली जात नाही. पर्यायी मजकुरात (चित्र दिसत नसेल तर त्याजागी वाचला जाणारा मजकूर) 'मंदिराचा फोटो' असं न लिहिता काय दिसतंय ते लिहिलं.

मजकुरात थाळनेरची नोंद सगळ्यात भरीव झालीय. खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, त्यांच्या कबरी, १८१८ मधला इंग्रजांचा वेढा. प्रकाशेला गोमाईचा संगम आणि केदारेश्वर आहेच, पण तिथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर सापडले, हे वाचून वर्गातली मुलंही थबकली. मुडावदला पांझरा मिळते तिथला कपिलेश्वर अजून दोनच ओळींत आहे, तो वाढवायचाय.

पुढे किबोर्डने टॅब दाबत सगळं पान फिरून बघणं, छपाईसाठी वेगळी शैली लिहिणं, आणि बुराईची नोंद. बुराईच्या संगमाकडचा स्वतः काढलेला फोटो कुणाकडे असेल आणि वापरायची परवानगी देणार असाल तर कळवा. नाव कसं छापायचं तेही सांगा.