तुम्ही विचारलंत म्हणून: ईस्टरला अंडी का लपवत नाही?

दर वर्षी कोणीतरी विचारतंच. ईस्टरला मुलांना आजी-आजोबांच्या शेतावर नेता, एवढं अंगण, घरच्या कोंबड्या, मग अंडी लपवून शोधायचा खेळ का नाही? 'मुलं मोठी झाली आता,' म्हणून मी वेळ मारून नेते. धाकटा 6 वर्षांचा आहे.

धर्माची अडचण नाही. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या काही घालायच्या थांबत नसत, म्हणून ईस्टरला अंडी साचलेली असत, हे मीच सगळ्यांना ऐकवत असते. चॉकलेटची लपवा म्हणता? शेतावर कुत्रा मोकळा असतो, चॉकलेट त्याला विष. कुत्रा बांधता येतो, हे मलाही कळतं.

खरं कारण 5 वर्षांपूर्वीचं आहे. लेक तेव्हा 4 वर्षांची. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी खुराड्यात गेलो. एका कोपऱ्यात 9 अंडी, प्रत्येकावर पेन्सिलची फुली. पोरांनी रेघोट्या मारल्या असतील, असं मला वाटलं. त्यातली 3 घेतली. सासूबाईंना विचारलं नाही. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच थोडा वेळ दाणापाण्याला उठते. आम्ही नेमक्या तेव्हाच गेलो होतो. कांद्याच्या सालींच्या पाण्यात अंडी टाकली तर ती वर तरंगली. तरंगलेली पाहिली मी. तरी उकळली. रंग सुरेख चढला, फुल्या दिसेनाशा झाल्या.

रविवारी उपासनेहून आल्यावर लेकीने एक सोललं.

आत काय होतं ते लिहीत नाही. 18 दिवस झाले होते, पिल्लू बाहेर यायला 21 लागतात. ती रडली नाही. पेरूखाली खड्डा करून घेतला, पिल्लू पुरलं आणि बोटांवर मोजलं: रविवार, सोमवार, मंगळवार. तिसऱ्या दिवशी उठेल. येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे सकाळीच तर ऐकलं होतं तिने. उरलेली 2 मी गुपचूप लांब नेऊन पुरली.

सोमवारी आम्ही परतलो. मंगळवारी तिने आजोबांना फोन लावायला लावला. "उठलं का?" ते म्हणाले, "नाही बाळा. ते नाही उठायचं." मला त्यांचा इतका राग आला! 4 वर्षांच्या पोरीला असं सांगतात?

बुधवारी उरलेल्या अंड्यांतून 5 पिल्लं निघाली, एक अंडं वाया गेलं. मी लगेच तिला सांगितलं, "बघ, त्यातलं एक तुझंच आहे." ती नाचली. तेव्हा मला वाटलं, मी सासऱ्यांपेक्षा शहाणी. मुलीची श्रद्धा वाचवली. आता वाटतं, श्रद्धा कसली, माझं तोंड वाचवलं. आणि तरी, तो फोन संपल्यावरचा तिचा चेहरा आठवला की पुन्हा तेच बोलेन असंही वाटतं.

सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता आम्ही गेलो की त्या मुलांना खुराड्यात नेतात, 'हे घ्यायचं, हे नाही' दाखवतात, दोघांना एकेक अंडं देतात. तेवढाच आमचा खेळ.

मागच्या ईस्टरला लेक, आता 9 वर्षांची, फुल्यांची अंडी मोजत होती. मोजता मोजता म्हणाली, "तेव्हा 6 राहिली होती ना, आई?"

मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही.