मारेकरी ढेकूण पाळावा, पण हातावर घेऊ नये

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला एक चित्रफीत पाठवली. तीत एका परदेशी तरुणाच्या उघड्या तळहातावर सुमारे चार सेंटिमीटर लांबीचा, काळाभोर, पंखांवर दोन पांढरट ठिपके असलेला एक कीटक निवांत बसलेला दिसत होता. खाली भाच्याचा प्रश्न होता, "आत्या, तू पाळतेस त्यांच्यातलाच आहे ना हा? मागवू का मी एक?" भाचा जळगावला शिकतो, दोन मित्रांसह एका खोलीत राहतो आणि माझ्या बरण्या लहानपणापासून पाहत आला आहे. फोनवर मी त्याला "नको" एवढेच म्हणाले. नुसत्या नकाराने तरुण मुलाचे समाधान होत नाही आणि होऊही नये, म्हणून त्याला द्यायचे राहिलेले उत्तर येथे सविस्तर लिहिते आहे.

आमचे शेत चोपडा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला आहे. कपाशीच्या हंगामात, साधारण भाद्रपदापासून, झाडांच्या शेंड्यांवर आणि बोंडांच्या आसपास एक लांब पायांचा, अरुंद डोक्याचा, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर लांबीचा ढेकूण अळ्यांच्या मागावर फिरताना दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस. ज्या रेड्युव्हिडी कुळात तो मोडतो त्यात जगभरातल्या सुमारे ७,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक इतर कीटकांची शिकार करून जगतात, म्हणून त्यांना मारेकरी ढेकूण म्हणतात. अमेरिकन बोंडअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी हे आमच्या ढेकणाचे भक्ष्य असल्यामुळे त्याची गणना मित्रकीटकांत होते, आणि तमिळनाडूतील संशोधकांनी जैविक कीडनियंत्रणासाठी त्याला प्रयोगशाळेत वाढवून त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. मी सहा वर्षांपासून हेच ढेकूण रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवते आणि त्यांना कोर्सेरा पतंगाच्या अळ्या खाऊ घालते. कीडनियंत्रणासाठी शेतात लावल्या जाणाऱ्या ट्रायकोकार्ड नावाच्या पट्ट्यांवर ज्याची अंडी चिकटवलेली असतात, तोच हा पतंग.

दंशाचा विषय निघाला की सर्वांत आधी ओळखीचा घोटाळा दूर करावा लागतो. कपाशीवर लाल ढेकण्याही असतो. तो सरकीतला रस शोषतो, झुंडीने राहतो आणि आमच्याकडची मुले त्याला बिनधास्त हाताने उचलतात, कारण तो माणसाला काही करत नाही. याच सवयीने मूल मारेकरी ढेकणालाही उचलू पाहते. रंगावरून दोघांतला फरक ठरवता येत नाही, कारण ऱ्हायनोकोरिस मार्जिनेटस या एकाच जातीत काळे, तांबडे आणि काळ्या-तांबड्या मिश्र रंगाचे असे तिन्ही प्रकार आढळतात. फरक सोंडेत असतो. लाल ढेकण्याची सोंड लांब, सरळ आणि बारीक असून पोटाखाली निजलेली असते. मारेकरी ढेकणाची सोंड आखूड, जाड आणि विळ्यासारखी वाकलेली असते व तिचे टोक पुढच्या पायांमधल्या खाचेत टेकलेले असते. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शाळेत फारसे गेले नाहीत, पण बांधावर खेळणाऱ्या नातवंडांना ते लांबूनच अहिराणीत बजावत, "हात नको लावू, तो चावस." कापूस वेचताना बोंडाबरोबर हा ढेकूणही मुठीत सापडतो आणि वेचणीला आलेल्या बायांपैकी एखादीला त्याचा प्रसाद मिळतो, हे त्यांनी अनेकदा पाहिले होते.

मला तो प्रसाद तीन वर्षांपूर्वी मिळाला. ऑक्टोबरचा उकाडा होता, दुपारचे दोन वाजले होते आणि मी एका मादीची बरणी साफ करायला घेतली होती. ती तळाशी वाळक्या काडीवर असेल असे मी गृहीत धरले; प्रत्यक्षात ती झाकणाच्या आतल्या कडेला बसली होती. झाकण फिरवताना माझी तर्जनी कडेखाली गेली आणि ती बोट व काच यांच्या मध्ये दाबली गेली. त्या क्षणी एक अगदी बारीक किरकिर ऐकू आली. सोंडेचे टोक छातीखालच्या खाचेवर घासून हे ढेकूण असा आवाज काढतात. पकडले किंवा दाबले गेले की तो हमखास येतो. मी तो ओळखला, पण बोट मागे घेण्याइतका वेळ उरला नव्हता. तापलेली सुई आत शिरून तिथेच थांबावी तशी वेदना झाली आणि मिनिटभरात ती दुसऱ्या पेरापर्यंत पसरली. गांधीलमाशी मला यापूर्वी चावली आहे. हे दुखणे तिच्याहून खोलवरचे होते. पहिला अर्धा तास मला दुसरे काहीच सुचले नाही. संध्याकाळपर्यंत ठणका उतरला, दुसऱ्या दिवशी तिथे कडक गाठ होती आणि आठवडाभर खाज राहिली.

ती मादी चिडलेली नव्हती आणि भुकेलेलीही नव्हती, कारण आदल्याच दिवशी तिने अळी खाल्ली होती. ती फक्त दाबली गेली होती. मी स्वतः पाहिलेले आणि इतरांकडून ऐकलेले बहुतेक दंश असेच झालेले आहेत: मुठीत, झाकणाखाली, बाहीच्या घडीत, अंथरुणात. ढेकूण माणसाच्या अंगावर धावून जात नाही. त्याचे शरीर आणि आपले शरीर एकाच अरुंद जागेत आले की तो सोंड वापरतो, आणि पाळणारा माणूस ही वेळ दर आठवड्याला स्वतःहून आणत असतो.

"चावतो" हा शब्द आपण सवयीने वापरतो, पण या कीटकाला चावण्याचे जबडेच नसतात. त्याच्या सोंडेच्या आवरणात सुईसारख्या शलाका असतात. बाहेरच्या दोन शलाका कातडीत रुतून पकड घेतात आणि आतल्या दोन मिळून बनलेल्या नळीतून लाळ आत सोडली जाते व अन्न वर ओढले जाते. ही लाळ म्हणजेच त्याचे विष. अळीच्या अंगात ती गेली की अळी काही क्षणांत लुळी पडते, तिच्या आतल्या पेशी विरघळतात आणि तो रस ढेकूण शोषून घेतो. मी मुलांना हे भिंगातून दाखवते, तेव्हा वर्ग अगदी शांत होतो. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका मारेकरी ढेकणावरील संशोधनातून असे दिसून आले की त्याच्या लाळग्रंथीचे दोन मुख्य भाग वेगवेगळे विष तयार करतात: मागच्या भागातले भक्ष्याला लुळे करते, तर छळले गेल्यावर बाहेर येणारे विष पुढच्या भागातले असते आणि ते बचावासाठी असावे. आमच्या जातीतही अशीच विभागणी असेल असे मी येथे म्हणणार नाही, परंतु या कुळातला दंश म्हणजे चुकून लागलेली सोंड नसून एक तयार शस्त्र आहे, हे भाच्याने ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

आता त्या चित्रफितीतल्या कीटकाविषयी. तो प्लॅटिमेरिस बायगुटेटस, मूळचा आफ्रिकेतला आणि परदेशातल्या हौशी लोकांकडे सर्वाधिक पाळला जाणारा मारेकरी ढेकूण. तो आकाराने आमच्या ढेकणाच्या दुप्पट असतो, पण माझ्या काळजीचे कारण त्याचा आकार नाही. प्लॅटिमेरिस वंशातले ढेकूण डिवचले गेल्यास विष थुंकतात. त्यांच्यातल्याच प्लॅटिमेरिस रॅडमॅन्थस या जातीवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यास झाला. त्यात हे फवारे सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत जात असल्याचे आणि डोळ्यांच्या किंवा नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेवर पडल्यास तीव्र वेदना व सूज येत असल्याचे नोंदवले गेले. मोबाइलने कीटकाचे जवळून छायाचित्र काढताना आपला चेहरा त्याच्यापासून किती अंतरावर असतो, हे मोजून पाहावे. भाचा असे फोटो काढल्यावाचून राहणार नाही आणि त्याचे मित्र डोकावल्यावाचून राहणार नाहीत. बोटावरचा दंश आठ दिवसांत बरा होतो. डोळ्याच्या बाबतीत मी असा हिशेब करायला तयार नाही.

तळहातावर तो शांत बसला होता, मग धोका कुठे आहे, असे भाच्याने पुढे विचारले. या प्रश्नातच खरी चूक दडलेली आहे. कुत्रा माणसाळतो, पोपट माणसाळतो. ढेकूण माणसाळत नाही. त्याला तळहात ही एक उबदार, सपाट जागा वाटते आणि ती जागा जोवर हलत नाही, तोवर तो थांबतो. बोटे किंचित मिटली, कोणी जवळून श्वास सोडला किंवा तो मनगटावरून बाहीत शिरला की परिस्थिती बदलते, आणि त्याआधी तो शंभर वेळा शांत बसला होता याला काहीच अर्थ उरत नाही. चित्रफितीत आपल्याला शंभरांपैकी एक वेळ दिसते.

दुसऱ्या टोकाची भीतीही मला घालवायची आहे. "चुंबन घेणारा ढेकूण चावला की हृदय निकामी होते" असे संदेश मोबाइलवर फिरत असतात आणि आमच्या शाळेतल्या एका पालकांनी तो संदेश घेऊन माझ्या बरण्या फेकून देण्याचा आग्रह धरला होता. हा संदेश चागास रोगाविषयी आहे. ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये या रोगाचे वर्णन केले. तो लॅटिन अमेरिकेत आढळतो, याच कुळातल्या रक्त पिणाऱ्या ट्रायटोमिनी उपकुलातून पसरतो आणि तोही दंशातून नव्हे, तर ढेकणाच्या विष्ठेतले परजीवी जखमेत किंवा डोळ्यांत चोळले गेल्याने. भारतातही रक्त पिणारे काही ट्रायटोमिनी ढेकूण आहेत, पण येथे त्यांच्यामार्फत हा रोग पसरत नाही. अळ्या खाणाऱ्या आमच्या ढेकणाचा त्याच्याशी संबंध नाही. त्या पालकांना मी हे समजावले, बरण्या राहिल्या, मात्र त्यानंतर मी त्या वर्गातून काढून कुलूपबंद कपाटात ठेवल्या. मुलांच्या हाती त्या लागू शकत होत्या, एवढी त्यांची काळजी रास्त होती.

माझ्या दंशानंतर मी काही सवयी बदलल्या. बरणी आता मी फक्त सकाळी, गारव्यात उघडते, कारण कीटकाची चपळाई तापमानाबरोबर वाढते आणि आमच्याकडच्या दुपारी तो वीजच असतो. उघडण्यापूर्वी बरणी उजेडात धरून प्रत्येक ढेकूण मोजते. एक जरी दिसला नाही, तरी झाकणाला हात लावत नाही. हलवायचे असल्यास त्याच्यावर प्लास्टिकचा पेला उपडा घालते आणि खालून जाड कागद सरकवते. अळी लांब चिमट्याने देते. चिमट्याने ढेकणाला मात्र कधीच धरत नाही, कारण त्याचे पाय तुटतात आणि तो दाबला जातो. झाकणाच्या भोकांवर बारीक जाळी असावी लागते, कारण अंड्यातून निघालेली पिल्ले मुंगीएवढी असतात, आणि पिल्लांनाही सोंड असते. पंख फुटेपर्यंत ती पाच अवस्थांतून जातात. शेवटची कात टाकल्यावर ढेकूण उडू शकतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

दंश झालाच तर जागा साबण-पाण्याने धुवावी, बोटात अंगठी असल्यास सूज येण्याआधी काढावी आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा. चुना, तंबाखू, रॉकेल लावू नये. कापू नये, चोखू नये. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली, तर ती विषाची नव्हे, ॲलर्जीची लक्षणे आहेत आणि तेव्हा घरी थांबून पाहण्यात वेळ घालवू नये, थेट दवाखाना गाठावा. दोन-तीन दिवसांनी लाली पसरत गेली किंवा पू झाला, तरी डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यात थुंकी गेल्यास डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. ज्याला पूर्वी एखाद्या कीटकाच्या दंशाने तीव्र ॲलर्जी झाली आहे, त्याने हा छंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागवण्याच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. परदेशातून जिवंत कीटक परवानगीवाचून आणता येत नाहीत. वनस्पती विलगीकरणाचा २००३ चा आयात आदेश त्यांनाही लागू आहे. आणि एखादी मोठी परदेशी मादी कपाशीच्या मुलखात खिडकीतून सुटली, तर ती बोंडअळी आणि मधमाशी यांत भेद करणार नाही.

भाचा दसऱ्याला घरी आला, तेव्हा मी त्याला आमच्याच ढेकणाच्या अंड्यांचा एक पुंजका पानासकट दिला आणि सोबत जाळीचे झाकण, चिमटा व प्लास्टिकचा पेला. खोलीतल्या दोन्ही मित्रांची संमती आणि ॲलर्जीबद्दलचे त्यांचे उत्तर त्याने आधी विचारून घेतले होते. पिल्ले निघाली तेव्हा त्याने फोटो पाठवला. तो बंद काचेच्या बाहेरून काढलेला असल्यामुळे थोडा धूसर आहे.