इंजिन लावायच्या आधी स्वतःची गेम स्वतः बघायची (माझा अनुभव)

माझं बुद्धिबळाचं ऑनलाइन रॅपिड रेटिंग बरेच महिने 1300 च्या आसपास रेंगाळत होतं, रोज रात्री जेवण झालं की मोबाईलवर तीन मिनिटांच्या ब्लिट्झ (झटपट गेम), हरलं की लगेच पुढची, आणि आदल्या गेममध्ये काय झालं ते बघायचंच नाही. मग ठरवलं, ब्लिट्झ बंद. दिवसाला एकच गेम, 15 मिनिटं अधिक दर चालीला 10 सेकंद, आणि गेम संपल्यावर साध्या वहीत लिहायचं की ती चाल मी का खेळले, समोरच्याची कुठली चाल मला वाटली होती आणि प्रत्यक्षात कुठली आली. हे सगळं लिहून झाल्याशिवाय स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम (इंजिन), लावायचं नाही हा नियम.

हा नियम पाळायला खरंच जड जातो, कारण लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर एक बटण दाबलं की कुठली चाल चुकली ते फुकटात समोर येतं. पण इंजिन चाल सांगतं, माझ्या डोक्यात त्या वेळी काय चाललं होतं ते त्याला कसं कळणार. बोटविनिकसारखा वर्ल्ड चॅम्पियन स्वतःच्या गेम तपासण्यावर एवढा भर का द्यायचा ते मला वही भरायला लागल्यावर कळलं.

एक उदाहरण देते. मी पांढऱ्या बाजूने (पटाच्या उभ्या रांगा ए ते एच, आडव्या 1 ते 8), माझा घोडा ए-5 वर, उंट डी-3 वर, दोघांनाही कुणाचा आधार नाही. समोरच्याचा वजीर एच-4 वर, म्हणजे माझ्या राजाच्या अंगावर, त्यामुळे माझं सगळं लक्ष एच-2 च्या प्याद्याकडे. आणि तो वजीर गुपचूप मागे डी-8 वर, स्वतःच्या घरी गेला, तिथून एकाच वेळी घोडा पण आणि उंट पण! वहीत लिहिताना दिसलं की आधीच्या बऱ्याच गेममध्ये हेच झालंय, पुढे येणारी चाल मला दिसते, मागे जाणारी दिसत नाही, विशेषतः वजीर आणि उंटाची लांबची. त्या दिवसापासून चाल खेळायच्या आधी दोनच प्रश्न, माझं कुठलं मोहरं मोकळं पडलंय आणि समोरच्याचं कुठलं मोहरं मागे जाऊन काय धरू शकतं. रेटिंग वाढलं ते मुख्यतः याच्यामुळे असं माझं स्पष्ट मत आहे, ओपनिंगचे (गेमच्या सुरुवातीच्या चालींचे) व्हिडिओ बघून नाही.

पझल्स पण रोज करते, पण थोडीच, आणि पूर्ण लाइन (पुढच्या चालींची साखळी) डोक्यात दिसल्याशिवाय मोहऱ्याला हात लावत नाही. चटचट अंदाजाने सोडवलेल्या पझल्सचा गेममध्ये काही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट वहीनेच दाखवली, हत्तीचे एंडगेम, म्हणजे शेवटी राजा, हत्ती आणि मोजकी प्यादी उरल्यावरचा खेळ. एक प्यादं कमी असलं की मी मनातून हरूनच बसायचे. मग फिलिदोर पोझिशन, म्हणजे एक प्यादं कमी असताना गेम ड्रॉ करायची पद्धत, नीट शिकले. समजा माझा काळा राजा ई-8 वर, पांढरं प्यादं ई-5 पर्यंत आलंय, तर माझा हत्ती सहाव्या रांगेत ठेवायचा, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे यायला जागाच नाही. प्यादं ई-6 ला सरकलं की लगेच हत्ती पार खाली पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचे, प्यादं पुढे गेल्यामुळे राजाला लपायला आडोसा उरत नाही आणि गेम ड्रॉ. हे पहिल्यांदा खऱ्या गेममध्ये जमलं तेव्हा जिंकल्यापेक्षा जास्त आनंद झाला मला.

जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला महिला वर्ल्ड कप फायनलमध्ये कोनेरू हंपीला रॅपिड टायब्रेकमध्ये हरवलं आणि थेट ग्रँडमास्टर झाली, त्या गेम मी आता याच पद्धतीने बघते, चाल झाकायची, स्वतःची लिहायची, मग तिची बघायची. खूप वेळ लागतो, एक गेम दोन-तीन रात्री चालते. सध्या हत्तीच्या एंडगेममधली लुसेना पोझिशन (एक प्यादं जास्त असताना जिंकायची पद्धत) चालू आहे, हत्ती चौथ्या रांगेत आणून राजासाठी पूल बांधायचा, म्हणजे शह अडवायला हत्ती मध्ये घालता येतो, घड्याळ चालू असताना ते अजून पटकन सुचत नाही म्हणून रोज झोपायच्या आधी एकदा पटावर मांडून खेळते.