निरभ्र आकाशाने घालवलेल्या चार संध्याकाळी

मलबार हिलवरच्या निसर्ग उन्नत मार्गावरून मरीन ड्राइव्हचे वळण आणि त्याच्या टोकाच्या नरिमन पॉइंटच्या इमारती संधिप्रकाशात टिपायच्या, एवढ्याशा हौसेपायी मला पाच फेऱ्या घालाव्या लागल्या. पंचवीस रुपयांचे तिकीट ऑनलाइन काढणे, ४८५ मीटरचा तो लाकडी मार्ग चालणे आणि गिरगाव चौपाटीकडे तोंड करून जागा धरणे यांत सांगण्यासारखे काहीच नाही.

अडले ते हवेत. डिसेंबर-जानेवारीत चार वेळा मोबाईलवर ‘आकाश निरभ्र’ असे वाचून मी दादरहून निघाले आणि चारही वेळा चौपाटीच्या पलीकडे राखाडी पडद्याखेरीज काहीही दिसले नाही. निरभ्र म्हणजे ढग नसलेले, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे, धुरक्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे मराठी माध्यमात शिकलेल्या मला तिसऱ्या फेरीनंतर उमगावे याची आजही लाज वाटते. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्या वरची उबदार राहते, त्यामुळे धूर व धूळ खालीच कोंडतात. त्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी उशिरापर्यंत रेंगाळले आणि समुद्रावरून येणारे खारे वारे क्षीण असले, की ते धुरके समुद्रावरच लोंबकळत राहते. चौथ्या संध्याकाळी तर मी चिडून कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. रोज फिरायला येणारे एक आजोबा माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, हिवाळ्यात नका येऊ. पाऊस पडून गेला की या, इमारती हाताला लागतील.”

घरी येऊन मी नकाशावर अंतर मोजले. नरिमन पॉइंट तिथून सरळ रेषेत सुमारे चार किलोमीटर भरते. विमानतळाच्या हवामान अहवालात दृश्यमानता मीटरमध्ये दिलेली असते आणि हिवाळ्यातील संध्याकाळी तो आकडा तीन हजारांच्या आसपास असला, तर तिकिटाचे पैसे वाचवावेत, कारण हवी ती इमारत त्या आकड्याच्या पलीकडे उभी असते. हा अहवाल सांताक्रूझचा आहे हे खरे, तरी निरभ्रपेक्षा तो कितीतरी प्रामाणिक.

सप्टेंबरच्या मध्यात, दुपारी जोरदार सर येऊन गेल्यावर, मी पुन्हा गेले. तिकिटावर एकाच तासाची वेळ असते आणि सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळणार होता, म्हणून सहाचे आणि सातचे अशी दोन तिकिटे काढली. निळा प्रकाश सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटेच टिकतो आणि नेमका तेव्हा आपण बाहेर पडायच्या घाईत असतो. जाता जाता आठवले म्हणून सांगते, तांदळाची पुरचुंडी बरोबर न्यावी आणि कॅमेरा कठड्यावर तिच्यात रुतवावा. फळ्यांवरून कोणी चालले की कठडाही थरथरतो, त्यामुळे कॅमेऱ्याची झडप चार सेकंद उघडी ठेवून काढायच्या छायाचित्रासाठी पावले थांबण्याची वाट पाहावी लागते. माझी आठ छायाचित्रे अशी हलली. नवव्याच्या वेळी मार्ग रिकामा होता, आणि त्यात नरिमन पॉइंटच्या खिडक्या मोजता येतात.